सैल पायाचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. बाळांचा नव्हे हं, बाटल्यांचा! जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात, एका प्रयोगशाळेत पानांचा चुरा स्पिरिटमध्ये भिजवतात, ती बाटली माझ्या पाठीवर ठेवतात आणि मी ती हलवत बसतो. नवा होतो तेव्हा एवढा घुमायचो, की मेरापी ज्वालामुखीनं धूर सोडायचं थांबवून कान टवकारले होते. खोटं वाटतं? विचारा त्याला!

आता माझा एक पाय सैल झालाय. कुणी तेलसुद्धा घालत नाही.

परवा इथं काम करणारी रेत्नो नावाची मुलगी सारिनेम म्हातारीनं दिलेली पानं तपासत होती. सारिनेम पाठीला बाटल्या बांधून दारोदार काढे विकते. तिच्या धाकट्या बहिणीला, पार्नीला, कॅन्सरची गाठ. पार्नी हटून बसलेली, पानं लागू पडली तर हॉस्पिटल नको!

रेत्नोनं पेशी वाढवायची खळग्यांची थाळी पाहिली. पानांचा अर्क घातलेल्या खळग्यांतल्या कॅन्सरच्या पेशी मेलेल्या. पण शेजारच्या ओळीत नुसतं स्पिरिट होतं, तिथल्याही मेलेल्या! म्हणजे स्पिरिटच जास्त पडलं होतं. पानांबद्दल काहीच कळलं नव्हतं.

तेवढ्यात सारिनेम दारात. "काय गं न्दुक, काय गं पोरी, मेली का ती अवदसा?"

आमच्या जावात मोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. रेत्नोनं हसून मान डोलावली. "हो म्बाह, हो आजी."

"बघ! उद्याची हॉस्पिटलची खेप रद्द!" म्हातारी निघालीसुद्धा.

माझा जीव नुसता खालीवर. थरथरत, लंगडत टेबलाच्या काठापर्यंत चाललो, आणि बाटलीसकट धाडकन खाली! भिंतीवरची पाल तीन दिवस बहिरी होती.

रेत्नो दचकून ओरडली, "म्बाह, थांबा! पेशी नुसत्या स्पिरिटनंही मेल्यात. पानांचा गुण आहे असं मला म्हणता येणार नाही."

"मग मघाशी मान कशाला डोलावलीस?"

"तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटेना."

सारिनेमनं पाठीवरच्या बाटल्या खाली ठेवल्या. "चाळीस वर्षं लोकांना कडू पाजतेय मी, पोरी. मला पाजायला घाबरलीस होय?" मग पदरानं डोळे पुसले. "चल, तूच सांग पार्नीला. माझं ऐकायची नाही ती."

दुसऱ्या दिवशी दोघींनी पार्नीला दोन्ही दंडांना धरून हॉस्पिटलात नेलं. वाटभर शिव्या देत होती म्हणे.

मला पुन्हा टेबलावर चढवलंय. पानांची नवी बाटली पाठीवर आहे, आणि मला अजून स्वस्थता नाही. मित्रांनो, मला पुसा, तेल घाला. पण तो सैल पाय तेवढा आवळू नका. पुन्हा कुणी गोड हसून मान डोलावली, तर मला चालावं लागेल ना!