सुकलालचा थंड प्लग

गोडादऱ्याच्या सप्ताहाला शालिग्राम महाराज काल्याचं कीर्तन करायला येणार म्हटल्यावर त्यांना उधना स्टेशनावरून कोणी आणायचं, यावर मंडळात चांगली तासभर घासाघीस झाली. काशिनाथशेठची स्वतःची व्हॅन होती. तिच्यातून ते साड्यांचे गठ्ठे न्यायचे, पण त्या दिवशी ती धुऊन पाठवायची त्यांची तयारी होती.

"व्हॅन न्यायची असेल तर माझ्या अंगावरून न्या," सुकलाल म्हणाला. "पंधरा वर्षं लोकांच्या रिक्षा हाकल्या. दिवाळीत स्वतःची आली तेव्हाच देवापुढं बोललोय, पहिल्या काल्याला महाराज माझ्या गाडीत बसतील."

"बसव बाबा, बसव," काशिनाथशेठ म्हणाले. "पण दहाला कीर्तन उभं राहिलं पाहिजे, बाराला हंडी. गाडी वाटेत बसली तर मंडपात काय सांगू मी? सुकलालचं इंजिन भजनाला बसलं म्हणून?"

सगळे हसले. सुकलालही हसला, पण ते वाक्य त्याच्या छातीत कुसळासारखं रुतून राहिलं. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. जेवताना मध्येच उठायचा आणि ब्रेक दाबून यायचा. शेवटी त्याची बायको रंजना म्हणाली, "अहो, महाराज रिक्षातून येणार आहेत, रिक्षा महाराजांना गिळणार नाही. जेवा नीट."

काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो उधन्याला भगवानच्या दुकानात गेला. भगवान स्पेअर पार्ट विकायचा आणि रिक्षाही दुरुस्त करायचा. त्यानं सुकलालच्या इंजिनातला स्पार्क प्लग काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "काही झालेलं नाही याला. वर्षभर चालेल."

"काळा पडलाय."

"दिवसभर धूर खातो, मग गोरा राहील का?"

"महाराज बसणार आहेत रे. नवा दाखव. चांगल्यातला चांगला."

भगवाननं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तीन प्लग मांडले. वरून तिघे सारखेच, सख्ख्या भावांसारखे. त्यानं एकेक उलटा करून आतलं पांढरं चिनी मातीचं नाक दाखवलं.

"हा गरम. नाक बघ कसं लांब. उष्णता धरून ठेवतो, म्हणून अंगावरची काजळी अंगावरच जाळून टाकतो. हा थंड, याचं नाक आखूड. उष्णता आली की लगेच इंजिनच्या डोक्याला देऊन हा मोकळा. हायवेवर तास-तास पळणाऱ्या गाडीला असाच लागतो, नाहीतर प्लग लाल होईल. आणि हा तिसरा, दोघांच्या मधला. आता तुझं काम काय? शंभर पावलं चालायचं, सवारी दिसली की उभं राहायचं. तुला गरम लाव, फार तर मधला."

सुकलालचे डोळे थंड प्लगवरून हलेनात. चैत्राचं ऊन, मागे महाराज, विणेकरी, पखवाजी आणि त्याचा पखवाज. एवढ्या ओझ्यानं इंजिन तापलं आणि पिस्टन चिकटला तर?

"हा दे. थंड."

"अरे, तुझ्या चालीला तो तापणारच नाही. तापला नाही तर काजळी कोण जाळणार?"

"गाडी तापून बसण्यापेक्षा बरं ना? लाव तू."

"लावतो. पण जुना खिशात ठेव."

"तो टाक तुझ्या भंगारात. उद्या माझ्या गाडीत काळं काही नको."

भगवाननं कपाळाला हात लावला आणि प्लग बसवला.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण पेट्रोल पंपावर त्याच्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमधूनच त्याला तेल मिळतं. उद्याच्या दिवशी ते कोरडं राहायला नको. पंगतीत पाहुण्याच्या पुरणपोळीवर आग्रहानं तूप ओतावं, तसं त्यानं टाकीत नेहमीच्या दुप्पट ऑइल ओतलं. वर हात जोडले.

काल्याच्या दिवशी भुसावळकडची पॅसेंजर साडेआठला यायची, ती आली साडेनऊला. तोवर सुकलालनं फलाटावर इतक्या येरझारा घातल्या की चहावाल्यानं बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या बापाला विचारावं तसं विचारलं, "काका, डिलिव्हरी कोनी छे?"

महाराज उतरले. साठीचे, काटक, खांद्याला झोळी. मागोमाग विणेकरी आणि पखवाजी. सुकलाल पाया पडला आणि त्यांना बोलूही न देता झोळी घेऊन पळत सुटला.

"अरे माउली, थांब, मला तरी ने!" महाराज मागून ओरडले.

रिक्षा सुरू झाली. पण रुंदीकरणासाठी सगळा रस्ता उकरून ठेवलेला. खडी, टेम्पो, लोटगाड्या. दहा पावलं जायचं, थांबायचं. मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला. इंजिन घशात घास अडकल्यासारखं ठसकलं आणि गरनाळ्याच्या, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याच्या, अलीकडे बंद पडलं. सुकलालनं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. हात भरून आला तरी ओढत राहिला.

"प्लग काढ," महाराज मागून म्हणाले. ते खाली उतरून धोतराचा सोगा खोचून उभेही होते. "बघतोस काय? साठ गावं करतो मी मोपेडवर. वीणा आणि प्लग-पाना दोन्ही असतात बरोबर."

प्लग बाहेर आला तो तेलानं चिंब, टोकाला काळा चिखल. महाराजांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"हा तर थंड. रिक्षाला थंड कोणी सांगितला?"

"कोणी नाही. मीच."

महाराजांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चोळलं. "आणि तेल किती घातलंस?"

सुकलालनं मान खाली घातली. "दुप्पट. म्हटलं, आज तुम्ही..."

"म्हणजे माझ्यामुळं बुडाला बिचारा!" महाराज हसले. सुकलालला मात्र हसू येईना. दहा वाजायला आठ मिनिटं होती.

प्लग पुसला, पॉलिश पेपरनं घासला, बसवला. रिक्षा तीनशे पावलं गेली आणि बसली. पुन्हा काढला, पुसला, घासला. या वेळी दीडशे. विणेकरी दर वेळी उतरून ढकलत होता, पखवाजी पखवाज पोटाशी धरून बसला होता. सव्वादहा झाले. मंडपात बायका माना वळवून रस्त्याकडे बघत असतील, काशिनाथशेठ घड्याळाकडे. सुकलालच्या बनियनची पिळून पाणी काढावं अशी गत झाली होती.

तेवढ्यात मागून योगराजची रिक्षा आली. योगराज त्याच्याच गल्लीतला. स्टँडवर पहिला नंबर कोणाचा, यावरून दोघांचं आठवड्यातून दोनदा तरी वाजायचं.

"काय करी ऱ्हायना रे भो? धूर इतका काढलास की मला वाटलं मच्छर मारायची गाडी आली!"

"योगराज, धक्का दे. मंडपापर्यंत."

रिक्षावाल्यांचा धक्का म्हणजे ठरलेला: मागच्यानं आपली गाडी चालवत डावा पाय बाहेर काढायचा, पुढच्या गाडीच्या पाठीला टेकवायचा आणि रेटत न्यायचं. स्टँडवर भांडण झालेलं असो, धक्क्याला कोणी नाही म्हणत नाही. योगराजनं सवयीनं पाय काढला, टेकवणार एवढ्यात त्याला आत बसलेले महाराज दिसले. विस्तव लागल्यासारखा त्यानं पाय मागे घेतला.

"नाही जमणार."

"का?"

"महाराज बसलेत! त्यांच्या पाठीला पाय लावू?"

"पाय पत्र्याला लागेल रे माउली, मला कुठं लागतो?" महाराज म्हणाले. "लाव बिनधास्त."

"नका सांगू महाराज. आई घरात घेणार नाही मला."

"मग तुझा प्लग दे," सुकलाल म्हणाला.

"एकच आहे. तुझ्या तेलात तोही बुडाला तर दोन्ही गाड्या इथंच."

साडेदहा होत आले होते. महाराज जागचे हलले नव्हते. सुकलालच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "तुझ्या गाडीत बसलो तो बसलो. घास आणखी एकदा."

सुकलालनं प्लगकडे पाहिलं. घासला असता तर आणखी दीडशे पावलं. मग पुन्हा दीडशे. मंडपात माणसं उन्हात बसलेली. देवापुढं बोललोय मी, पण ते वाट बघतायत, असं त्याच्या मनात आलं. त्यानं झोळी उचलली, योगराजच्या रिक्षात ठेवली.

"महाराज, उतरा. तिघंही याच्या गाडीत बसा."

"आणि तू?"

"येतो मी. पुसत पुसत."

"रिकामी गाडी ढकलतो की मी," योगराज म्हणाला. "आता पाय लावायला काही हरकत नाही."

"ढकलत बसलास तर अकरा वाजतील. तू सुसाट निघ. आणि खड्डे बघून चालव, मागे महाराज आहेत!"

योगराज एरवी काहीतरी तिरकं बोलला असता. आज नुसती मान हलवून तो निघाला. रिक्षा गरनाळ्यात शिरेपर्यंत सुकलाल बघत उभा राहिला, मग पुन्हा उकिडवा बसला.

किती वेळा प्लग काढला याची त्याला गणती राहिली नाही. शेवटच्या वळणाला इंजिन बंदच होतं, पण कर्ण्यातून आवाज येऊ लागला होता. तो रिक्षा ढकलत होता आणि महाराज गात होते. गोपाळांनी यमुनेकाठी शिदोऱ्या सोडल्या. कोणाची शिळी भाकर, कोणाचा नुसता ठेचा. एक पेंद्या आपलं फडकं पाठीमागं लपवून उभा, आणि देव त्यालाच म्हणतोय, आधी तुझं दाखव! टाळ चढले, पखवाज घुमला, आणि महाराजांचा आवाज वर, आणखी वर गेला. सुकलालचे पाय ठेक्यात पडू लागले. क्षणभर त्याला रिक्षाचं ओझंच लागेना. आणि लगेच आठवलं, पूर्वार्ध चुकला. सगळा पूर्वार्ध.

तो मंडपाच्या कडेला, चपलांजवळ टेकला, तेव्हा हंडी फुटतच होती. "बोला पुंडलिक वरदे!" झालं आणि माणसं उठून एकमेकांच्या तोंडात काला घालू लागली. लाह्या, दही, डाळ, लोणचं. सुकलालनं हात पुढं केले आणि मागे घेतले. कोपरापर्यंत तेल आणि काजळी.

"आ कर," समोर योगराज उभा. मुठीत काला.

"महाराज वेळेवर पोहोचले?"

"दहा चाळीसला. आल्या आल्या माईकवर म्हणाले, सुकलालच्या गाडीतून निघालो. आ कर म्हणतो ना!"

सुकलालनं तोंड उघडलं. दह्याबरोबर खारट काहीतरी घशाखाली गेलं, ते लोणचं होतं की डोळ्यातलं, त्याला कळलं नाही. तोंड भरलेलं असतानाच त्यानं विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?"

"चारला. काशिनाथशेठ व्हॅन काढतायत."

सुकलाल अर्धा उठला होता. "टाकी उपसली, नवं पेट्रोल भरलं, भगवानकडून मधला प्लग आणला... दोन वाजेपर्यंत होईल?"

"आधी खाली बस, पंगत पडतेय."

"नाही रे, नाही."

तो बाहेर पडलाही. योगराजनं उरलेला काला स्वतःच्या तोंडात कोंबला, शिवी पोटात गिळली आणि टाकी उपसायला रबरी नळी शोधत त्याच्या मागे निघाला.