एक ठेका उशिरा

या, खुर्ची जरा जवळ ओढा. ज्याच्याविषयी सांगणार आहे त्याच्याविषयी मोठ्या आवाजात बोलायचं अजून जिवावर येतं. गोष्ट फार मोठी नाही. रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या एका खेळण्यातल्या गाडीची आहे आणि एका म्हाताऱ्याच्या कानाची. पण त्या शनिवारचं मला अजून एका दमात सांगता येत नाही, तेव्हा मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

"डीकन, बघा, परत तेच!" त्या शनिवारी गाडीचा मालक थॅडियस ओरडत होता. "स्लोवर ठेवली की आपोआप रेस वाढते, आणि मग एकदम गप्प. जत्रेतल्या बैलासारखी नखरे करतेय!"

"बैलाला तरी अक्कल असते," होझिया म्हणाला. पत्र्याच्या शेडखाली त्याचं टेबल होतं. त्यावर थॅडियसची गाडी उलट्या डब्यावर ठेवली होती, चाकं अधांतरी. इंजिन मुठीएवढं, पण त्याचा आवाज दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा, थेट डोक्यात घुसणारा. सायलेन्सरच्या टोकातून तपकिरी तेल टपटपत होतं. या इंजिनांच्या इंधनातच एरंडेल मिसळलेलं असतं. जळून उरलेलं तेल असं गळत राहतं, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या कपड्यांना त्याचाच वास येतो.

होझिया टॉलबर्ट म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आणि आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांना मदत करणारा वडीलधारा. बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती. एकतीस वर्षं त्याने पाइपांच्या कारखान्यात भट्टीवर काढली. निवृत्त झाल्यावर चर्चमागच्या मोकळ्या शेतात, लाल मातीत, तरुण पोरांनी या गाड्यांची धाव, म्हणजे शर्यत, सुरू केली आणि होझियाला त्याचं खरं काम सापडलं. आसपासच्या तीन परगण्यांतून लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे. तो डोळे मिटायचा, इंजिन ऐकायचा, आणि खिशातल्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने एखादा स्क्रू केसभर फिरवायचा. बस. लोक म्हणायचे, देवाने डीकनला कान दिलाय.

त्या कानात काहीतरी बिघडलंय हे मला सगळ्यांत आधी कळलं, आणि तेही शेतात नाही, चर्चमध्ये.

आमच्या पास्टर मेझ यांचं प्रवचन तुम्ही ऐकलंय की नाही मला ठाऊक नाही. सुरुवातीला ते साधं बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग कुठेतरी एक शब्द लांबतो, त्याला सूर लागतो, आणि पुढची वीस मिनिटं तो माणूस बोलत नसतो, गात असतो. प्रत्येक ओळीनंतर ते श्वासापुरती जागा सोडतात, आणि त्या जागेत पुढच्या बाकावरचे डीकन साद देतात. त्यात होझियाचं "हो, प्रभू!" असं खर्जातलं असायचं, की सगळं प्रवचन त्या खुंटीला टांगलेलं आहे असं वाटावं. मी आठवडाभर त्या वीस मिनिटांसाठी जगते. त्यामुळे त्या शनिवाराआधीच्या हिवाळ्यात होझियाचं "हो, प्रभू" एक ठेका उशिरा पडलं, तेव्हा माझ्या हातातला पंखा थांबला. पुढच्या रविवारी पुन्हा उशिरा. त्याच्या पुढच्या रविवारी मी त्याच्याकडेच बघत बसले. तो पास्टरांकडे बघत नव्हता. शेजारच्या डीकनचे ओठ बघत होता.

गायकवृंदातल्या पोरी तोंडावर हात धरून हसल्या. मला हसू आलं नाही. पास्टरांचा एवढा मोठा आवाज ज्याला नीट पोचत नाही, त्याला शनिवारी ते मुठीएवढं इंजिन काय ऐकू येत असेल?

आणि मी काही बोलले नाही. हे मला सांगायलाच हवं.

एप्रिलमध्ये होझियाने लावून दिलेली एक गाडी सरळ रस्त्यावर सुसाट सुटली ती वळलीच नाही. साडेतीन किलोचं धूड, ताशी चाळीस मैलांचा वेग. कुंपण फोडून ती आमच्या चर्चच्या वयोवृद्ध मदर ड्रूसिलाच्या खुर्चीवर आदळली. मदर ड्रूसिला एक मिनिटापूर्वीच मक्याची भाकरी आणायला उठली होती. खुर्चीचा पाय मोडला, गार चहाची काचेची बरणी फुटली. "म्हातारीला भूक लागली म्हणून वाचली!" असं म्हणून सगळे पोट धरून हसले. दोष रिमोटच्या बॅटरीवर गेला. होझिया हसला नाही. तो गुडघ्यांवर बसून गवतातून काचा वेचत होता.

तर तो ऑगस्टचा शनिवार. माझ्या मुलीची, रेनेटाची, धाव नुकतीच संपली होती. आमच्याकडे नियम असा, की ज्याची धाव संपली त्याने पुढच्या धावेला वळणावर उभं राहायचं. नारिंगी जाकीट घालायचं, आणि कोणाची गाडी उलटली की धावत जाऊन सरळ करून द्यायची. यातून सुटका कोणालाच नाही, पास्टरांनाही नाही. रेनेटाच्या वाट्याला दुसरं वळण आलं. सरळ रस्ता जिथे संपतो तेच. पुढची धाव थॅडियसची.

होझिया काम करत होता. आधी त्याने सायलेन्सरमधून गळणारं तेल बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, उजेडात धरलं. इंजिनाच्या डोक्यावर थुंकीचा थेंब सोडला आणि तो किती वेळात उडतो ते पाहिलं. मग हाताची दोन बोटं गाडीच्या पत्र्यावर टेकवून स्तब्ध उभा राहिला. मागच्या काही महिन्यांत हे सगळं त्याने नवीन शोधून काढलं होतं. बघणाऱ्याला वाटायचं, काय मुरलेला माणूस आहे. मला दिसत होतं, की हा माणूस बंद दार चाचपडतोय.

"स्लो वाढवतो थोडा. म्हणजे बंद पडणार नाही," तो म्हणाला आणि स्क्रू फिरवला.

मग त्याने रेस दिली आणि सोडली.

चांगलं इंजिन रेस सोडल्यावर एकदम खाली येतं, हातातून दगड सुटावा तसं. हे आलं नाही. ते वर लटकून राहिलं, मग एक पायरी उतरलं, पुन्हा थांबलं, कुरकुरलं, आणि अर्ध्यावरच राहिलं. मी जन्मभर सूर ऐकत आलेली बाई. गाणं कितीही वर जावो, ते आपल्या घरी परततं. हा सूर घरी परतला नाही.

"कसं वाटतंय, डीकन?" थॅडियसने विचारलं.

"झालं. घेऊन जा."

"देव भलं करो!" असं म्हणून थॅडियस गाडी उचलून निघालासुद्धा. त्याचा मित्र गाडी हातात धरून रेषेवर उभा राहणार, थॅडियस मचाणावर चढून रिमोट चालवणार, भोंगा वाजणार. फार तर तीन मिनिटं. पलीकडे रेनेटा नारिंगी जाकिटाची चेन लावत होती. तिने मला हात केला. हसत होती पोरगी.

बोलले तर भर शेतात, सगळ्यांसमोर, या माणसाचं उरलंसुरलं मी काढून घेणार. बायको गेली, भट्टी गेली, आता हे टेबल. आणि माझा कानच चुकत असेल तर? पण चुकत नसेल तर? वळणावर उभं राहणाऱ्याच्या पुढे कुंपणही नसतं. तिथे माझ्या मुलीच्या नडग्या आहेत.

"होझिया," मी मागून म्हणाले.

तो स्क्रू ड्रायव्हर पुसत होता.

"होझिया!"

दोन हातांच्या अंतरावर उभा होता तो माणूस. मान वळवली नाही. भीती अंगावर येते म्हणतात ना, ती तशी नाही आली. पायांतून गार पाण्यासारखी वर चढली. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चर्चमध्ये शेजारच्या डीकनच्या ओठांकडे बघायचा, अगदी तसं.

"खाली आला नाही?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वरच राहिला."

"तू कधीपासून...?"

"हिवाळ्यापासून."

तो पळायला लागला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, लाल मातीत बूट रुतवत, खिशातून रुमाल काढत. मी मागून धावले. मचाणावर चढलेले ओरडायला लागले, "अहो डीकन, पोलीस लागलेत का मागे?" "धावेत भाग घेताय की काय? गाडी कुठाय तुमची?" भोंगेवाल्याने भोंगा तोंडाला लावला होता. होझियाने रेषेवर पोचून थॅडियसच्या मित्राच्या हातातल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये रुमालाचा बोळा कोंबला आणि अंगठ्याने दाबून धरला. इंजिन गुदमरलं, एक उचकी दिली, बंद पडलं. अंगठ्याची कातडी भाजल्याचा वास मला आला.

"हे काय चाललंय!" थॅडियस वरून ओरडला. "तुम्हीच तर म्हणालात झालं म्हणून!"

"म्हणालो," होझिया म्हणाला. मग तो मचाणाकडे वळला, जिथून सगळ्यांना त्याचा चेहरा दिसेल. तो खर्ज चांगलाच लागला होता त्या वेळी. "म्हणालो, कारण मला ऐकू येत नाही. बारीक आवाज तर अजिबात नाही. एप्रिलमधली ती गाडीसुद्धा मीच लावली होती. बॅटरीचा काही दोष नव्हता."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. लांबवर मासे तळणाऱ्या कढईचा आवाज तेवढा येत राहिला.

टेबलावर आणून त्याने गाडी उघडली. कार्बोरेटरचं रबरी टोपण मागे सरकवलं. आत तपकिरी, चिकट खळ साठली होती, काकवी वाळावी तशी. त्याने नखाने आतला खटका ढकलला आणि सोडला. खटका परत आला नाही. अर्ध्यावर उघडाच राहिला, म्हणजे रेस सोडली तरी गाडी पळतच राहणार.

"मागच्या धावेनंतर टाकी रिकामी केली होतीस?"

थॅडियसची मान खाली गेली. शाळेची बस चालवणारा एवढा दांडगा माणूस, पण शाळकरी पोरासारखा दिसायला लागला. "लगेच संध्याकाळची प्रार्थना होती, डीकन. म्हटलं, घरी गेल्यावर करू. मग राहूनच गेलं. दोन आठवडे तसंच."

"उडणारं ते उडून गेलं, मागे राहिलं एरंडेल. त्याचा डिंक झाला," होझिया म्हणाला. "ती तुझी चूक. पण खटका अडकलाय हे न ऐकता वरून स्लोचा स्क्रू पिळला, ती माझी. दोन्ही मिळून एखाद्याचा पाय गेला असता."

तेवढ्यात रेनेटा वळणावरून आली. "काय झालं, आई? एवढी शांतता कशाची?"

मी तिला घट्ट धरलं. "अगं, सोड की! जाकिटाचं तेल लागेल तुला!" म्हणत ती सुटायला बघत होती. मी सोडलं नाही.

होझियाने खिशातून तो छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. भाजलेल्या अंगठ्याने नीट धरता येत नव्हता. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वीनी, इथून पुढे तू ऐकायचंस."

"मला स्क्रूमधलं काय कळतंय?"

"स्क्रूचं मला कळतं. तू फक्त सांग, खाली आला की नाही."

त्यानंतरच्या शनिवारपासून तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागला. लोक गाड्या घेऊन आले की आधी तो त्यांच्या टाक्या उलट्या करून बघायचा. दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिटची बाटली घेऊन डिंक काढायचा. मग मी ऐकायचे, आणि सूर घरी आला की तळहात टेबलावर टेकवायचे. तो मान हलवायचा. भीती गेली असं नाही म्हणणार मी. भोंगा वाजला की अजूनही माझे डोळे दुसऱ्या वळणावर जातात. पण आता ती एकटीची नव्हती.

पण त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, काय होईल याची मला त्याहून जास्त धास्ती होती. गावात गोष्ट पसरली होती. पास्टर बोलता बोलता वर चढले, सूर लागला, पहिली ओळ संपली. बाकीच्या डीकनांनी साद दिली. होझिया शेजाऱ्याचे ओठ बघत होता. पास्टरांनी पुढची ओळ घेतली नाही. हात वर धरून थांबले. पूर्ण चर्च थांबलं. पंखेसुद्धा हलेनात.

"हो, प्रभू!" होझिया म्हणाला.

आणि मग पास्टर पुढे गेले. त्या दिवशी प्रत्येक ओळीला ते तसेच थांबले. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारीही. गायकवृंदातल्या पोरींनीही तो जास्तीचा ठेका मोजायला शिकून घेतलं.

फेब्रुवारीत होझिया गेला. झोपेतच गेला. टेबलावरच्या टाक्या आदल्या शनिवारी त्याने सगळ्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या.

पास्टर मेझ अजूनही थांबतात. सवयीने थांबतात की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, आणि प्रवचन ऐन रंगात असताना साद देऊन झाल्यावरही एक जागा रिकामी सुटलेली तुम्हाला ऐकू आली, तर पास्टर ओळ विसरले असं समजू नका. गप्प राहा, आणि तेवढ्यापुरती होझिया टॉलबर्टची आठवण काढा.