हँडलला लटकलेली मासळी

कर्र्र... कुच! काल दुपारी माझं पेडल वाजलं आणि निजलेलं घर दचकलं. मित्रांनो, मी एक जुनी, जागच्या जागी फिरणारी व्यायामाची सायकल आहे.

परदेशात कुणीतरी टाकून दिलेली मी जहाजातून घानात आले आणि कुमासीच्या बाजारात गंजत पडले. तिथून मला अंपोन्साने घरी आणलं. तो गाड्यांचे सुटे भाग विकतो. माझं ग्रीस त्याने स्वतःच्या हाताने भरलं. त्याचे वडील आणि थोरला भाऊ, दोघंही प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले होते. नर्सबाईंनी त्याला बजावलं होतं, "रक्तातून आलेला धोका व्यायामाने पुसला जात नाही, दादा. तरी अंग हलतं ठेवा. आणि तपासणी चुकवायची नाही!"

सात महिने तो रोज पहाटे माझ्यावर बसला. त्याच्या घामाने सीट भिजायची आणि मला धन्य वाटायचं. त्याचं पोट उतरलं. बायकोने, सेरवाने, त्याच्या विजारी आवळून शिवल्या.

मग एका शनिवारी कुणाच्या तरी उत्तरक्रियेहून परतताना पोकुआ आत्या घरी आली. "अगं बाई, हा माणूस की वाळकी मासळी? सेरवा, नवऱ्याला जेवायला घालतेस, की नुसतं दाखवतेस?"

सोबतचा शेजारी खिदळला, "धंदा बुडाला का रे? की तुलाही भावासारखंच...?"

बाकी कुणी हसलं नाही. अंपोन्साची मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात फुफूचे, म्हणजे कांडलेल्या कंदांचे, दोन गोळे आले. तो गल्लीतल्या धावण्याच्या मंडळात गेला. तिथे एकसारखे सदरे घालून, शिट्टी फुंकत कोपऱ्यापर्यंत पळायचं आणि मग बिअर नि तळलेलं डुकराचं मांस हाणायचं! पोट परतलं. आत्या म्हणाली, "आता कसा माणसात आलास!" तपासणीचा दिवस आला, तेव्हा तो पोटावर थापटी मारून म्हणाला, "ठणठणीत तर आहे मी."

माझ्या हँडलला धुरावलेल्या मासळीची पिशवी लटकली. तिचं तेल पेडलवर ठिबके, त्यावर झुरळं चालत. सीटवर बिअरने आंबलेला सदरा. शी! पण त्याहून मला किळस आली ती सुटलेल्या पोटाला तब्येत म्हणणाऱ्या त्या जिभांची.

काल लहानग्या फोसुआने हाताने माझं पेडल फिरवलं. पाठीशी बाळ बांधलेली सेरवा रागावायला आली, आणि तेलकट हाताच्या लेकीकडे बघत थबकली. पिशवी खाली उतरली. लिंबू-साबणाने तिने मला घासलं. अंपोन्सा जेवायला आला, तशी म्हणाली, "अहो, उद्या तपासणीला चला. तुम्हाला वाळके म्हणू देत, मला कंजूष म्हणू देत. दुखणं सुरू झालं तेव्हा भावोजींचंही पोट असंच गरगरीत होतं."

त्याने ढेकर गिळला. मग चप्पल काढली आणि एक पाय माझ्या पेडलवर ठेवला.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्यावरचे कपडे आजच काढा. आणि कुणी घामाघूम होऊन खाली उतरला, तर त्याला हसू नका.

फोसुआने आईच्या पाठीवरच्या झोपलेल्या भावाचं इवलंसं पाऊल हातात धरलं.

"आई, आजोबांच्या रक्तात होतं, काकांच्या होतं. मग बाळाच्याही आहे का गं?"