नवमीची गाडी

खंडेनवमीच्या दुपारी मी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायऱ्यांना चुना लावत होतो. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि दरवर्षी पायऱ्या माझ्याकडेच असतात. हात चुन्याने भरलेले होते, म्हणून फोन लुंबिनीने उचलला. लुंबिनी माझी मुलगी. तिने नुसतं ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

पलीकडे आनंदराज होता, माझ्या बायकोचा भाऊ.

"दाजी, फाट्यावर या."

"काय झालं?"

"ताईला लागलंय."

"किती लागलंय?"

मागे माणसांचा गलका चालला होता. मग तो म्हणाला, "तुम्ही या. लुंबिनीला आणू नका."

मला तिथेच कळलं. लागलेल्या माणसासाठी दवाखान्यात या म्हणतात. फाट्यावर या म्हणत नाहीत.

पंचफुला सकाळी मुखेडजवळ माहेरी गेली होती, आईला आणायला. सासूबाईंना नांदेडचा कार्यक्रम बघायचा होता. दोघी फाट्यावर एसटीची वाट बघत होत्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या पलीकडे लिंबाच्या सावलीत बसल्या. पंचफुला रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हात केला नाही तर एसटी थांबत नाही म्हणून. तिथे गतिरोधक आहे आणि लगेच वळण आहे. नांदेडहून उदगीरला चाललेली पाइपांची गाडी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, वळण घेतलं, आणि वरचं बंडल सुटलं.

मी पोहोचलो तेव्हा तिला नेलं होतं. पाइप तसेच पडले होते. काही एसटीच्या शेडच्या पत्र्यात घुसले होते. मी पाइपांची टोकं बघितली. पिवळा रंग. तो आमच्या यार्डाचा रंग आहे. मी नांदेडला ज्या यार्डात गाड्या बांधतो, तिथलाच तो माल होता.

मग मी दोरी बघितली. नायलॉनची निळी दोरी, पाइपाच्या काठावर कापली गेलेली. कडबा बांधतात तसली.

पाइप कसा बांधतात हे मला माहीत आहे, कारण माझं सगळं काम तेच आहे. सळईच्या अंगावर काटे असतात, एक सळई दुसरीला धरून राहते. पाइप गुळगुळीत, वरून तेल लावलेला. त्याला खाली लाकडं लागतात, दोन्ही बाजूंना खुंट लागतात आणि वरून पट्टे. पट्टा जाड विणीचा असतो, त्याला लोखंडी रॅचेट असतं. त्याचा दांडा वरखाली केला की पट्टा ताणत जातो. काठावर रबराचा तुकडा घालायचा, म्हणजे पट्टा कापत नाही. नीट ताणलेल्या पट्ट्यावर हात मारला की तो वाजतो. वाजला नाही तर मी गाडी सोडत नाही. यार्डात पट्ट्यांचे ढीग आहेत. पैसे नव्हते, सामान नव्हतं, असलं काही नव्हतं.

ड्रायव्हर शिवकुमार पोलिसाच्या पायाशी बसला होता. उदगीरकडचा पोरगा, माझ्या ओळखीचा. मला बघून तो उठायला गेला, पोलिसाने खाली दाबला.

"मामा, मला काय माहीत मामी हैत म्हणून."

"दुसरं कुणी असतं तर चाललं असतं का?"

तो रडायला लागला.

"पट्टे कुठं हैत?" मी विचारलं.

"पूजेत."

"कशात?"

"पूजेत हैत, मामा. तुमचा जोडीदार सटवाजी म्हणला, उद्या दसऱ्यापर्यंत हात लावता येत न्हाई. शेठ म्हणला, दोरी मार आन् हळू जा, उदगीरला गिऱ्हाईक बसून राह्यलंय. मी हळूच चाललो होतो. आईची शपथ, हळूच चाललो होतो."

खंडेनवमीला आमच्या यार्डात अवजारांची पूजा होते. वजनकाटा, क्रेनचा हुक, साखळ्या, पट्टे, रॅचेट, सगळं धुऊन ऑफिसपुढच्या ओट्यावर मांडतात. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मी पूजेला बसत नाही, पण पट्टे आदल्या दिवशी धुऊन मीच देत आलो. कधी नको वाटलं नाही. कारण नवमीला गेट बंद असायचं. अवजाराला सुट्टी म्हणजे माणसाला सुट्टी. एकही गाडी निघायची नाही. जुना शेठ होता तोवर हे असंच होतं. आता त्याचा मुलगा बालाजी शेठ आहे. त्याने पूजा ठेवली आणि सुट्टी बंद केली.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही पंचफुलाला नेलं. वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. ते कपडे त्यांनी कार्यक्रमासाठी धुऊन ठेवले होते. पंचफुलाची नवी पांढरी साडी ट्रंकेत घडी करून ठेवली होती. लुंबिनी म्हणाली, हीच घाला. हीच घातली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी यार्डात गेलो. कामाला नाही, बघायला गेलो. ओटा पुसला होता. पट्टे खुंटीवर होते. एका रॅचेटच्या दातांत कुंकू अडकलेलं होतं, बाकी सगळं वापरात. समोर गाडी भरत होती आणि तिला पट्टे लावत होते, खाली रबरही होतं. ते बघून माझं डोकं फिरलं.

बालाजी शेठ बाहेर आला. खुर्ची मागवली. मी बसलो नाही.

"व्यंकटी, वहिनी गेल्या त्याचं दुःख मला बी हाय. पण होणाऱ्याला कोण काय करणार?"

"होणार काय न्हवतं. गाडी तुम्ही सोडली."

"ड्रायव्हरनं ब्रेक दाबून मारला. पोलीस बी तेच म्हणून राह्यले."

"पट्टे असते तर किती बी दाबून मारू दे ना."

त्याने इकडेतिकडे बघितलं. हमाल थांबले होते. मग आवाज खाली करून म्हणाला, "हे बघ, तुमच्यात पूजा न्हाई, म्हणून तुला हे असं वाटून राह्यलंय. पूजेतलं सामान मधीच कसं उचलायचं?"

मी तेव्हा ओरडलो. आजही ओरडेन.

"पूजेचं नाव घेऊ नका शेठ! पट्टे धुऊन मी दिले, ह्या हातानं. तुमच्या वडिलांनी पूजा केली, तवा गेट बंद केलं. तुम्हाला देवी बी राजी पायजे आन् उदगीरचं गिऱ्हाईक बी राजी पायजे. दोघांचं तुम्ही केलं. मधी माझी बायको उभी होती."

शेठ म्हणाला, "लुंबिनीला इथं ऑफिसात बसव. मी शिकवून घेतो तिला."

"तिनं इथं बसून काय करायचं? कोणती गाडी दोरीवर चालली ते बघायचं?"

मी निघालो. गेटपाशी सटवाजी होता, मान खाली घालून. सटवाजी माझा जोडीदार. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, असं आम्ही किती गाड्या बांधल्या त्याला हिशेब नाही. मी सुट्टीवर होतो म्हणून नवमीची गाडी त्याने एकट्याने बांधली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही हाक मारली नाही.

मुखेडच्या ठाण्यातले जमादार सरळ बोलले. "तुम्ही तिथं नव्हता. ड्रायव्हर आरोपी आहे, तो काहीही म्हणेल. पट्टे असून दिले नाहीत आणि मालकाने दोरीवर गाडी काढायला लावली, हे ज्याने ऐकलं त्याला आणा. मी लिहून घेतो." ज्याने ऐकलं तो एकच माणूस. मी सटवाजीच्या घरी गेलो.

तो यार्डामागच्या वस्तीत राहतो. त्याची बायको सिंधु भाकरी थापत होती. तिने मला बघितलं आणि तवा उतरवून ठेवला.

"बसा, दादा."

सटवाजी पलंगावरून उठून खाली बसला. मी आलो की तो असा कधी बसत नाही.

"सटवा, ठाण्यात चल. जे झालं तेवढंच सांग. एक शब्द जास्तीचा नको."

"दादा, शेठ काढून टाकील."

"टाकू दे. दोघं दुसरीकडं बांधू. गाड्या बांधणाऱ्याला नांदेडात काम न्हाई व्हय?"

"ते न्हाई ओ." तो नखाने जमीन उकरायला लागला. "लोक म्हणतील, सटवानं देवीच्या पूजेवर खून ढकलला. पट्टे मीच मांडले होते ना. कुंकू मीच लावलं. शिवकुमार एक पट्टा उचलाया लागला, तर मीच त्याचा हात धरला. उद्या माझ्या लेकराला काय झालं तर?"

सिंधु पिठाचे हात घेऊन पुढे आली.

"देवी काय म्हणली का तुमाला, गाडी भरा म्हणून?"

"तू गप बस."

"का गप बसू? सांगा की दादाला, देवी म्हणली का? का शेठ म्हणला?"

"शेठ म्हणला."

"मग शेठचं नाव सांगाया देवी कशाला मधी घालता? पंचफुलावहिनी आपल्या पोरीच्या, आरतीच्या बाळंतपणात रोज डबा घेऊन यायची. तवा तुमी बोटं चाटून खायचे. आता तोंड शिवलं व्हय?"

सटवाजी रडला. मला त्याच्या रडण्याचाही राग आला. सगळे रडत होते. शिवकुमार रडला, सटवाजी रडला, शेठनेसुद्धा डोळ्याला रुमाल लावला. रडण्याने ठाण्यातला कागद बदलत नाही.

"सोमवारी येतो," सटवाजी म्हणाला. "तुमी ठाण्यापुढं थांबा."

मी मुखेडला जाऊन ठाण्यापुढे थांबलो. दिवसभर थांबलो. चहाच्या टपरीवाल्याने दोनदा विचारलं, कुणाची वाट बघून राह्यले? संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

मग सटवाजी म्हणाला, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली. मग म्हणाला, गावाकडं तूर निघू द्या. ती निघाली, विकलीही. मग भावाच्या पोरीचं लग्न निघालं, लग्नघरात पोलीस नको म्हणाला. तेही झालं. आता तो मला बघितलं की रस्ता ओलांडतो. सिंधु मात्र थांबते. ती म्हणते, "दादा, मी रोज बोलून राह्यले. रोज. भाकर देते आन् बोलते." तिच्यावर माझा राग नाही. तिने ऐकलेलं नाही, तिला नवऱ्याने सांगितलं. जमादार म्हणतात, तेवढ्यावर भागत नाही.

मी यार्ड सोडलं. आता दुसऱ्या ठिकाणी गाड्या बांधतो. तिथले लोक मला चिडका म्हणतात, कारण पट्टा वाजला नाही तर मी चाकापुढे उभा राहतो. राहू दे म्हणतात, मामा, जाऊ द्या, इथल्या इथं तर जायचंय. मी म्हणतो, इथं बी रस्त्याच्या कडंला कुणाची तरी बायको उभी असते. मग ते दुसरा पट्टा आणतात. शिवकुमार जामिनावर सुटला आहे. तो आता गाडी चालवत नाही, उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. त्याने एकदा फोन केला, मी घेतला नाही. त्याची चूक नाही असं मी म्हणणार नाही. दोरीवर गाडी त्याने नेली. पण कागदावर तो एकटाच आहे, आणि हे खोटं आहे.

परवा आमच्या वस्तीतला रविकांत सांगत आला. तो अजून त्या यार्डात आहे.

"काका, तुमचं काम झालं! शेठनं गेटवर पाटी लावली. यंदा खंडेनवमीला भरणी बंद, एक बी गाडी निघणार न्हाई. मोठ्या अक्षरात लिहिलंय."

त्याला वाटलं मी खूश होईन. लुंबिनी आतून आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी बघायला गेलो. खरंच पाटी होती, पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगाने. खाली लिहिलं होतं, आपला नम्र, बालाजी. मी पाटीपुढे उभा असताना तो गाडीतून उतरला. मला बघून थोडा थांबला.

"आता तर झालं ना, व्यंकटी? तुझंच ऐकलं."

"म्हणजे तुम्हाला कळतंय."

"काय?"

"काय चुकलं ते कळतंय. पत्र्यावर लिहिता येतं. मग ठाण्यात चला की. तिथं बी लिहून द्या."

तो हसला नाही, रागावला नाही. "झालं गेलं आता," म्हणाला आणि आत गेला. गेटच्या आत सटवाजी गाडीवर पट्टा टाकत होता. त्याने रॅचेट ओढलं, पट्ट्यावर हात मारला. पट्टा वाजला. त्याला माहीत होतं मी ऐकतोय. तरी त्याने मान वर केली नाही.

मी गेटातूनच ओरडलो, "सटवा, पट्टा वाजतोय तुझा. तू कधी वाजणार?"

हमाल हसले. तो हसला नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा पट्टा ताणायला लागला.

यंदाची नवमी जवळ आली आहे. लुंबिनीने पायऱ्यांसाठी चुना आणून ठेवला आहे. ठाण्यातल्या कागदात अजून एवढंच आहे की ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला आणि माल पडला. पट्ट्यांचं त्यात काही नाही, शेठचं नाव नाही. सटवाजीचा जबाब व्हायचा राहिला आहे.