आधी आवाज, मग चित्र

बाबा कंपनीत नेटवर्क सांभाळायचे, त्यामुळे नृत्यशाळेची प्रवेशपरीक्षा ऑनलाइन असूनही त्यांची धाकटी लेक अगदी निर्धास्त होती. संध्याकाळी अख्खी इमारत नेटवर तुटून पडते, म्हणून बाबांनी राउटरला ऑफिससारखाच नियम लावून दिला: गर्दी झाली की आधी आवाज पुढे जाऊ द्यायचा, चित्र मागे ठेवायचं.

धाकटी जीव ओतून नाचली. घामाघूम होऊन थांबली, तेव्हा परीक्षक बाई म्हणाल्या, "बाळा, पावलांचा आवाज छान येत होता गं. पण पहिल्या गिरकीला तुझं चित्र जे थांबलं ते थांबलंच. न बघता गुण कसे देऊ? आणि निवड आजच संपतेय."

बाबा मिरवत आतल्या खोलीतून बाहेर आले. "काय मग, एकदा तरी आवाज तुटला का?"

"बाबा, मला नाचायचं होतं."

"नाचायचं? मला वाटलं तोंडी परीक्षा आहे. आधी सांगायचं नाही का?"

वर्षभर धाकटी याच खोलीत, बाबांच्या खुर्चीमागे रोज नाचत होती, आणि ते मान न वळवता म्हणायचे, "जरा हळू गं, मीटिंग चालू आहे."