हयात मयूर: सात

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी लवू मिस्त्रीच्या फोनवर एक फोटो आला. भंगाराच्या आवारात तीन जुन्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मागे पत्र्याचे दोन चौकोनी गठ्ठे एकावर एक रचले होते. फोटो पाठवणारा लवूचा मेव्हणा. तो कोल्हापूरच्या पुढे जुन्या गाड्या दाबून भंगार करणाऱ्या कारखान्यात क्रेन चालवतो. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं: 'भावोजी, या मोराच्या गाड्या तुमच्यातल्याच ना?'

लवूने फोन उलटा करून बाकावर ठेवला. समोर वाद रंगला होता, आणि काही बोलण्याआधी त्याला फोटो पुन्हा एकदा नीट बघायचा होता.

आरे-वारेच्या वरच्या वळणावर, जिथून दोन्ही किनारे दिसतात तिथे, दर रविवारी 'जुनी चाकं' हा गट चहाला जमतो. त्या दिवशी चौघेच होते. लवू गॅरेजवाला. आत्माराम सुर्वे, चौतीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झालेले. निशिगंधा, पुण्याच्या एका जाहिरात कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करणारी. आणि संदेश पावसकर, ज्यांचं औषधांचं दुकान आहे आणि ज्यांच्याकडे गटाची दर्शनवही आहे.

जुनी गाडी कुठे दिसली की तिची नोंद या वहीत होते. गाडी कोणती, कोणाची, कोणत्या गावात, कोणत्या गोठ्यात की मांडवात. नियम एकच: ठसा नाही तर दर्शन नाही. चॅसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरायचा, शिसपेन्सिल घासायची आणि तो कागद वहीत चिकटवायचा. नुसत्या फोटोवर कोणीही गाव बदलून सांगतं.

"काल अंजनवेलच्या रस्त्याला काळी अँबेसिडर दिसली," आत्माराम सांगत होते. "पहिल्या खेपेतली. बॉनेट बघूनच समजलो."

"काका, ठसा?"

"अगो, ती चालत होती! चालत्या गाडीखाली झोपू काय?"

"मग दर्शन नाही," निशिगंधा म्हणाली. "वहीत लिहा, 'काकांना भास झाला.'"

"लिही हो. आणि खाली लिही, गेल्या वर्षी ह्याच काकांनी पुतणीच्या लग्नात, पांढऱ्या लेंग्यात, नवऱ्याकडच्या फियाटखाली झोपून ठसा काढलान. वरमाय अजून माझ्याशी बोलत नाही."

संदेशना हे ऐकू येत नव्हतं. त्यांनी फोनवर देवगिरी मोटर्सची नवी जाहिरात लावली होती आणि ती सगळ्यांनी बघावी असा त्यांचा आग्रह होता. देवगिरीने १९६८ ते १९७९ या काळात 'मयूर' नावाची गाडी काढली, बॉनेटवर पितळी मोर असलेली. पुढे कारखाना बंद पडला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच मालकांनी ते नाव विकत घेतलं आणि आता त्या नावाची विजेवर चालणारी गाडी येणार होती. जाहिरातीत एक जुनी मयूर काचेच्या खोलीत फिरत होती, इतकी चकचकीत की ती कधी रस्त्यावर गेली असेल असं वाटत नव्हतं. शेवटी अक्षरं आली: 'एकच उरली. आता तुमची पाळी.'

"एकच?" आत्माराम म्हणाले. "माझ्या पडवीत काय म्हैस बांधलेली आहे?"

"काका, ती जाहिरात आहे. अठ्ठावीसला मुंबईत कंपनीच्या संग्रहालयाचा कार्यक्रम. भिंतीवर आपल्या गटाचं नाव येणार, आणि पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय."

"नाव विकत घेतलंनी, गाडी बनवायची अक्कल कुठून घेणार? मोर चिकटवला म्हणून कोंबडा नाचत नाही, संदेश. म्हणून मी माझी दिली नाही. कंपनीनं 'आपलं कुटुंब' म्हटलंन की मी आधी लाइफजॅकेट शोधतो."

कंपनीला वही संदेशनीच दिली होती. मार्चमध्ये रितेश नावाचा माणूस आला. तो कंपनीचं 'वारसा' खातं बघत असे. देशात जिवंत मयूर किती, हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. वहीत ठशांसकट उत्तर होतं: हयात मयूर: सात. मालकाचं नाव, गाव, जागा. इतकी चोख नोंद आपण कुठेच पाहिली नाही, असं रितेश म्हणाला. दहा वर्षांत संदेशना असं कोणी म्हटलं नव्हतं. सगळी पानं त्यांनी त्याच दुपारी स्वतः स्कॅन करून दिली. संग्रहालयासाठी म्हणून सातांपैकी सहा गाड्या दिवाळीपूर्वी गेल्या. सातवी आत्मारामांची.

लवूने फोन सुलटा करून बाकाच्या मधोमध ठेवला.

"तिसरी गाडी बघा. डावा मडगार्ड."

निशिगंधाने फोटो मोठा केला. मडगार्डवर हातभर ठिगळ होतं आणि रंगाखालून तुपाच्या डब्यावरची फुलं दिसत होती.

"ते ठिगळ मी मारलेलं," लवू म्हणाला. "पत्रा मिळत नव्हता तेव्हा. ही येसूबाईंची."

समोरच्या बशीतल्या भज्यांवर माशी बसली, ती उडवायलाही कोणाचा हात उठला नाही.

येसूबाई संगमेश्वरजवळच्या एका वाडीत राहतात, वय शहात्तर. त्यांचे यजमान शिवा यांनी बावीस वर्षं ती मयूर संगमेश्वर ते देवरूख अशी भाड्याने चालवली. अडलेल्या बायका तिच्यातूनच दवाखान्यात जायच्या. वाडीतली दोन मुलं तिच्या मागच्या सीटवर जन्मली. शिवा गेल्यावर येसूबाईंनी गाडी गोठ्याशेजारच्या खोपीत ठेवली आणि दर देवदिवाळीला तिला हार घातला. त्या गाडी द्यायला तयार नव्हत्या. संदेश तीनदा गेले. शेवटी येसूबाईंनी होकार दिला, पैसे नाकारले आणि एकच अट घातली: गाडी आहे तशी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. न्यायच्या दिवशी त्यांनी गुरवाला बोलावून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही गाडी आज संदेश पावसकरांच्या हाती दिली हाय. तिला जशी हाय तशी राख." वाडीने "होय म्हाराजा" म्हटलं. संदेशनीही म्हटलं होतं.

आठ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी रितेशला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"गुड मॉर्निंग सर! जाहिरात पाहिली?"

"आमच्या गाड्या भंगारात उभ्या आहेत, रितेश. दोन दाबल्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, सगळं कागदोपत्री नियमात आहे. गाड्या कंपनीच्या नावावर आहेत."

"संग्रहालयाचं काय?"

"संग्रहालयात आहे ना. एक. सर, तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला सांगायला नको. सहा म्हणजे जुन्या गाड्या. एक म्हणजे वारसा. सहा ठेवल्या तर उद्या त्यातली एखादी कोणी लग्नाला भाड्याने देणार, दुसऱ्याच्या टपावर कोंबड्या बसणार. मग नव्या मयूरकडे लोक कशाला आदराने बघतील?"

"हे मी शिकवते लोकांना," निशिगंधा हळूच म्हणाली. "टंचाई निर्माण करा. स्लाइडवर किती स्वच्छ दिसतं." तिने चहाचा पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"तिसरी गाडी थांबवा," संदेश म्हणाले.

"थांबवता येईल, सर. एक छोटं सहकार्य हवं. तुमच्या गटाचं इंटरनेटवरचं पान सगळे वाचतात. त्यावर अजून सात दिसतायत. तिथे 'हयात मयूर: एक' करा. वहीतही. मग ती गाडी आम्ही गोदामात ठेवू. दाखवता येणार नाही अर्थात. मंगळवारी सकाळी अकरापर्यंत सांगा, नंतर माझ्या हातात नाही." आणि मग, अगदी मनापासून: "पहिल्या रांगेतली तुमची खुर्ची पक्की आहे सर."

आत्मारामांनी बाजूला वळून खाली थुंकलं. ते देवळाच्या आवारातसुद्धा पान खाऊन गिळणारे गृहस्थ. त्यांना थुंकताना कोणी पाहिलं नव्हतं.

"माझी खोडून टाक," ते म्हणाले. "वहीत मेलो म्हणून माझी गाडी सुरू व्हायची थांबत नाही. त्या बाईची वाचव."

"आणि दाबलेल्या दोन?" संदेश म्हणाले. "एक लिहिलं की त्या कधी नव्हत्याच. येसूबाईंचीही नव्हती. मग उद्या कंपनीने गोदामात दाबली तर विचारणार कोण? कशाच्या जोरावर?"

"आता वहीची काळजी? वहीनंच मारलंन त्यांना. पत्ता, गोठा, कुठल्या खांबाशी बांधलेली, सगळं लिहून दिलास. खाटकाला कोण एवढं लिहून देत नाही."

लवूने जीपची किल्ली उचलली.

आंबा घाट चढून लवू आणि संदेश दुपारी दीडला कारखान्याच्या फाटकाशी पोचले. मेव्हण्याने मागच्या बाजूने आत घेतलं. जमिनीवर तेल, पाणी आणि सीटमधला काथ्या यांचा चिखल झाला होता, आणि त्यात एक कुत्रं झोपलं होतं. दाबलेल्या गठ्ठ्याच्या एका अंगाला पितळी मोराची अर्धी शेपटी बाहेर आली होती. तीन गाड्यांची चाकं काढलेली होती. नंबरप्लेट उखडल्या होत्या. येसूबाईंच्या गाडीत शिवांनी लावलेली देवाची तसबीर होती ती जागा रिकामी होती. चार स्क्रूंची भोकं आणि कुंकवाचा डाग उरला होता.

मॅनेजरने चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. "साहेब, मला काय, पत्रा तो पत्रा. कंपनीचं पत्र आणा, लगेच बाहेर काढतो. मी रांग मोडत नाही आणि रांग वाढवत नाही. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक, असं ठरलेलं आहे."

"ही ठिगळाची तिसरी," संदेश म्हणाले.

"आत्ता तिसरी आहे."

चहाला ग्रीसचा वास येत होता. संदेशनी तो संपवला, कारण ठेवून देणं बरं दिसलं नसतं. मग ते गाडीखाली शिरले आणि खिशातला कागद काढून त्यांनी चॅसिसच्या क्रमांकाचा ठसा काढला. लवू बाहेर उभा राहून बघत होता. ठसा वहीत आधीच होता. "हा कशाला?" असं त्याने विचारलं नाही. संदेश बाहेर आले तेव्हा सदऱ्याच्या पाठीला काळा चिखल लागला होता. कागद त्यांनी दोन बोटांत उंच धरला होता, त्याला काही लागू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर, साखरप्याच्या अलीकडे, त्यांचा फोन वाजला.

"भाऊ, मी येसू. शुक्रवारी देवदिवाळी हाय ना? नातू म्हणतो, नेतो तुला मुंबईला. मी गाडीला हार घालून येते. आत सोडतील ना मला?"

संदेशनी खिडकीबाहेर पाहिलं.

"काकी, आवाज नीट येत नाही. मी करतो नंतर फोन."

आवाज स्वच्छ येत होता. लवूने ते ऐकलं आणि जीप चालवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्हांला पहिल्या रांगेत बसवणारायत म्हणे."

सोमवारी सकाळी निशिगंधाने मेव्हण्याचा फोटो आणि जाहिरातीतलं वाक्य शेजारीशेजारी ठेवून एक मजकूर तयार केला. तो गटाच्या पानावर टाकायचा की नाही, हे संदेशनी ठरवायचं, कारण पानाचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. मजकूर टाकला तर गाडी मंगळवारपर्यंतही टिकणार नाही, असं तिनेच त्यांना सांगितलं. ते "बघतो" म्हणाले. आत्मारामांनी आपली मयूर पडवीतून काढून दुसरीकडे हलवली. कुठे, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. संदेशना तर नाहीच.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंतची स्थिती अशी: कंपनीचं पत्र आलेलं नाही. येसूबाईंनी संदेशना आणखी दोनदा फोन केला. तो उचलला गेलेला नाही. गटाच्या पानावर 'हयात मयूर: सात' असंच दिसतं आहे. मेव्हण्याने चार वाजून दहा मिनिटांनी नवा फोटो पाठवला. त्यात गठ्ठे तीन आहेत. ठिगळाची गाडी रांगेत दुसरी आहे.