मंगळूच्या मणक्यातलं पाणी

“बाई, रिपोट द्या. आमी घरी चाललो.”

प्रयोगशाळेच्या खिडकीशी नवसाबाई उभी होती. हरसूलजवळच्या पाड्यावरची. तिचा नवरा मंगळू तीन आठवड्यांपासून वॉर्डात पडून होता.

“बरं वाटतंय का त्यांना?” उज्वलाने विचारलं.

“कशाचं बरं! डोकं भित्तीवर आपटतो. कालपासून एकाचं दोन दिसतंय म्हनतो. मरायचंच हाय, तर घरी मरू द्या.”

उज्वला या सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. नळ्या यायच्या, रिपोर्ट जायचे. रुग्णाचं तोंड क्वचितच दिसायचं. मंगळूच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तिनेच तपासलं होतं. सूज आली की त्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी जेमतेम होत्या. त्याला एचआयव्ही होता, आणि २००६ साली अशा माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आली की पहिला संशय क्षयाचाच. औषधं त्याचीच चालू होती. दुखणं मात्र वाढतच होतं.

“चार वाजेपर्यंत थांबा. माझं एवढं ऐका,” ती म्हणाली.

सकाळी काढलेलं थोडं पाणी नळीत उरलं होतं. ते काळ्या शाईत मिसळून पाहिलं, तर एक बुरशी दिसू शकते, हे तिला शिकताना सांगितलं होतं. पण कपाटातली शाई वाळून खडा झाली होती. मागणी करून नवी यायला महिना लागला असता. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती रिक्षाने द्वारका चौकात गेली आणि स्टेशनरीच्या दुकानातून चित्रकलेची शाई घेऊन आली.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या काचेवर काहीच नव्हतं. उरलेलं पाणी तिने यंत्रात गरगर फिरवलं आणि तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब शाईत मिसळून घेतला. काळ्याभोर पटलावर गोल दाणे दिसले, प्रत्येकाभोवती रुंद, लख्ख कडं. एकाला कळी फुटली होती. शाईतच काही नाही ना, म्हणून तिने साध्या स्वच्छ पाण्यात तीच शाई मिसळून त्याचीही काच पाहिली. ती स्वच्छ होती.

तिने मंगळूवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शेखरना बोलावलं.

“पण मॅडम, पेशी तर वाढल्या नव्हत्या.”

“अंगात लढायला ताकदच नाही सर, पेशी येणार कुठून? तुम्हीच बघा.”

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. “चुकलंच माझं,” ते म्हणाले.

“क्षयच जास्त सापडतो, सर. ही बुरशी मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासातून आत जाते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही.”

चार वाजायच्या आत डॉक्टर स्वतः नवसाबाईकडे गेले. बोचकं बांधून ती जिन्यात बसली होती.

दोन आठवडे सलाईनमधून बुरशीचं औषध गेलं. प्रत्येक बाटलीला औषधाने थंडी भरून मंगळू थडथड उडायचा. मणक्यातलं पाणी पुन्हापुन्हा काढलं, तसं डोकं हलकं झालं. बाराव्या दिवशी त्याने भाकर मागितली. तोवर पुरती गेलेली नजर तेवढी परत आली नाही; मेंदूवरच्या दाबाने डोळ्यांच्या नसा गेल्या होत्या.

वर्षभराने, मंगळूच्या एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आलेली नवसाबाई त्याला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन आली.

“ह्याच त्या बाई,” ती म्हणाली.

मंगळूने दोन्ही हात जोडले आणि मान लववली. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. नवसाबाई त्याला वळवायला पुढे झाली. उज्वलाने तिला हातानेच थांबवलं, दोन पावलं सरकली आणि त्या जोडलेल्या हातांसमोर जाऊन उभी राहिली.